कावडीची गाठ

चंद्रपूरच्या दवाखान्यात शमीम नंबराची वाट पाहत बसली होती. हाडांच्या डॉक्टरकडून बाहेर आलेला इस्तारी ढिवर आणि त्याची थोरली बहीण रंभा तिच्या शेजारीच टेकले. शमीमनं कान दिला नव्हता, पण ऐकू येतच होतं.

“बाई, लहानपणापासून हाये खांद्यावर थे गाठ. कावडीनं पडली, बाबा म्हणे,” इस्तारी बहिणीला म्हणाला.

“म्हणे काय, साऱ्या गावाले दाखवे. ‘तळ्यावून मासोऱ्याची कावड माहा पोरगा आणते, हे पाहा निशाणी!’”

“माही सोयरीक जमवताना रीताच्या बापालेबी दाखवली.”

“हाव, अन् रीता लग्नात म्हणे, नवऱ्याले शिंग हाये!”

दोघं पोट धरून हसली.

“डाक्टर म्हणते, कावडीची नोहोय. हाडच वाढलं होतं, तवा साधं होतं. आता तुकडा तपासला तं त्यात कॅन्सर निंगाला.”

“मंग काढाले हो काऊन नाई म्हटलं तू?”

“बाबाची निशाणी हाये न, बाई.”

“मोटारसायकल आल्यावर कावड घेतली का कधी?”

“नाई.”

“मंग ओझ्याबिना काऊन वाढून राह्यली थे?”

इस्तारीनं सदऱ्याची वरची गुंडी काढली.

“एक डाव हात ठेव. बाबा ठेवे तसा.”

“असा?”

“नाई. थापटे तो.”

रंभानं हलकेच थापटलं.

“झालं? जाय आता, डाक्टरले हो म्हणून ये.”