सुनीतीचं कम्प्युटर कोणी बंद केलं

नाही, नाही, तसं नका लिहू — लाइट गेली होती असं लिहा. साधी गोष्ट आहे. कम्प्युटर काहून बंद पडलं, तर लाइट गेली. नवा रायपुरात लाइट जात नाही म्हणता? एवढे रुंद रस्ते केले, मंत्रालय आणलं, तरी वारा सुटला की एखाद्या वेळी जातेच न. बसा, खुर्ची घ्या. तुमचं नाव मी गेटवरच्या रजिस्टरात पाहिलं — आशय ठवकर. म्हणजे आपलेच. उत्तर हिंदीत देता, पण मराठी सगळी समजते, दिसून राहिलं मले. माझे वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून बदली होऊन आले अन् जुन्या रायपुरात, बूढापाऱ्यात राहिले ते राहिलेच. मी दिवाकर, या मजल्याचा बडा बाबू. जूनमध्ये रिटायर होतो. तुले — तूच म्हणतो, माझ्या पोरीच्या वयाचा आहे तू — तुले कंपनीनं ते कम्प्युटर पाहाले पाठवलं, बरोबर? एकतीस मार्चले ते कसं बंद झालं, याचा रिपोर्ट द्यायचा. तर त्या रिपोर्टात एक ओळ. तेवढीच.

झालं काय, सांगतो. फेब्रुवारीत नवीन साहेब आले. त्यांनी मीटर पाहिलं — रविवार, माणूस नाही काणूस नाही, तरी मीटर पळूनच राहिलं. काहून? तर एकशे चाळीस कम्प्युटर रात्रंदिवस चालू. कोणी बंदच करत नव्हतं, सकाळी उघडाले वेळ लागते म्हणून. साहेबांनी हुकूम काढला, सहा वाजता सगळं बंद, अन् या मजल्याची जबाबदारी माझ्यावर. मी मन लावून केलं, खोटं नाही सांगत. एकेका टेबलापाशी जायचं, कोणाचं काम अर्धवट आहे का पाहायचं, बंद करायचं, भिंतीवरचं बटणही बंद. पंधरा दिवसांत मीटर पाव हिश्शानं खाली आलं. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. चौतीस वर्षांत, बापू, मीटिंगमध्ये माझं नाव निघालं ते कोणती तरी फाइल सापडली नाही म्हणून — जाऊ दे ते. त्या दिवशी टाळ्या वाजल्या. घरी जाऊन बायकोले दोनदा सांगितलं मी.

तर सुनीती. त्या कोपऱ्यातलं टेबल तिचं, कंत्राटावर आहे. तिच्याकडे लहान लेकरांचे अर्ज — जन्मापासून ऐकू येत नाही अशांचे. कानाचं ऑपरेशन या योजनेतून होते, पण लेकरू पाच वर्षांचं व्हायच्या आत. एकतीस मार्च शेवटची तारीख, रात्री बारापर्यंत. अकरा लेकरांचे डॉक्टरांचे दाखले आले त्याच दुपारी. भारी भारी फायली, अन् दिवसा नेट असं रेंगाळते की एक चढता चढत नाही. म्हणून तिनं पाच वाजता सगळ्या लावून दिल्या, दहा-अकरापर्यंत चढून जातील म्हणून, अन् गेली शेवटच्या बसनं. थांबली असती तर घरी गेली कशी असती? इथं बस तरी किती.

अन् मी बंद केलं. हव, मी. पण न पाहता केलं, बापू. ओळीनं जात होतो, हात चालत होता, स्क्रीन काळी होती — मले काय माहीत आत काही सुरू आहे. चुकून झालं असं लिही पाहिजे तर. चुकून म्हटलं की — चिठ्ठी? कोणती चिठ्ठी? सुनीतीनं सांगितलं तुले? तिनं लावली असन, पडली असन, वर पंखा आहे, फिरूनच राहते तो —

असा काहून पाहून राहिला.

होती. पिवळी चिठ्ठी, स्क्रीनच्या मधोमध. 'दिवाकर भैया, आज बंद मत करना, बच्चों का काम चल रहा है.' माझं नाव लिहून. वाचली मी. दोनदा वाचली. पण त्या दिवशी महिना पुरा होत होता — सगळ्या इमारतीत आपलाच मजला, एकही दिवस एकही मशीन चालू राहिलं नव्हतं, अन् सकाळी साहेब सगळ्यांसमोर सांगणार होते. फोन करता येत नव्हता तिले? केला न. बसमधून दोनदा केला. मी उचलला नाही. उचलला असता तर हो म्हणावं लागलं असतं. मनात म्हटलं, उद्या करून घेईन सुनीती. शेवटची तारीख होती हे — माहीत होतं. चिठ्ठी खिशात घातली अन् बटण दाबलं.

आता तिले काढून राहिले. म्हणतात, तिचाच निष्काळजीपणा, स्वतःच बंद करून गेली. साहेबांसमोर तिनं माझं नाव नाही घेतलं. मले एकदाच विचारलं, पाण्याच्या टाकीपाशी — भैया, चिठ्ठी दिसली नव्हती का? मी म्हटलं, नाही.

अन् काल त्या अकरांतल्या एका लेकराची माय, मीराबाई आली, अभनपुरच्या पुढच्या गावाहून, आपल्या ममताले घेऊन. पोट्टी एकोणीस एप्रिलले पाच वर्षांची होते. नंबर कधी लागन, विचारून राहिली. तिले कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे मले म्हणाले, तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा. पोट्टी त्या खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मी म्हटलं आधी लेकराच्या हातात काही द्यावं. हाक मारली — ममता, बिस्कीट घे. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जोरात मारली, अन् मग ध्यानात आलं माझ्या. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. ते एकटी पाहत नव्हती. मीराबाईले मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या.

म्हणून म्हणतो, लाइट गेली लिही. वरचे लोक म्हणून राहिले, चूक ऑफिसची आहे असं लेखी आलं तर अकरा लेकरांसाठी एक दिवस अर्ज भरणं पुन्हा उघडून पाहू. नक्की नाही, पाहू म्हणाले. पण लिहिलं तर लेकरांचं होते, सुनीतीचं होते, अन् माझंही — तुझं काय जाते त्याच्यात? हात जोडतो मी. तुझ्या बापाच्या वयाचा माणूस हात जोडून राहिला.

काय दाखवतो? मशीनमधली नोंद? थांब, चष्मा. सहा वाजून बारा मिनिटं. बटण दाबून बंद केलं. खालच्या मजल्यावरची मशीनं तेव्हा चालू — म्हणजे लाइट होती. अन् हा रिपोर्ट पाठवलाही तू? केव्हा, दोन वाजता? मग मघापासून मी — अन् नाव? नाव कुठं आहे? मशीनले कळत नाही बटण कोणी दाबलं? म्हणजे मी तोंड उघडलं नसतं तर… म्हणजे सुनीतीच. तिचं टेबल, तिचं मशीन, तिनंच दाबलं म्हणतील.

साहेबांले सांगशील तू? नाही? तुझं काम मशीनपुरतं. बरं आहे. बरं म्हणजे —

हा कागद काहून सरकवून राहिला माझ्याकडे? कोरा आहे हा.

पेन राहू दे. पेन आहे माझ्यापाशी. साहेब पाचपर्यंत बसतात. तू निघ, बापू, तुझी बस चुकन. निघ म्हटलं न. कोणी पाहत असलं की माझ्यानं लिहिणं होत नाही.