हलणारी सीट

स्वतःच घरी आणलेल्या वस्तूला घाबरून पळालेला माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? मी पाहिलाय, आमच्या लातूरच्या घरात.

आमच्या ह्यांना बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधली कार रेसची जुनी मशीनं जमवायचा नाद. गाडी रस्ता सोडून गेली की सीट खरोखर हलते, असं एक मशीन दोन वर्षं शोधून त्यांनी नांदेडहून आणलं. दुपारी भिंतीला टेकवून लावलं आणि खेळायला बसले. पहिल्याच वळणावर पडद्यावरची गाडी शेतात जाऊन अडकली. वरच्या खोलीत कोचिंगच्या मुली भाड्यानं राहतात, त्यांच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली. त्र्याण्णवचा भूकंप झाल्यापासून आमच्याकडं भांडी वाजली की कुणी विचारत बसत नाही. मुली, मी, सगळी गल्ली बाहेर. हे आमच्याही आधी रस्त्यावर उभे होते, अनवाणी.

शेजारचे रशीदभाई म्हणाले, "भाऊ, लई वेळ हालून राहिलंय. आवाज थांबंना की."

ह्यांची नजर मशीनच्या खोलीकडं गेली. मी आत जाऊन मशीनचं बटण बंद केलं. भांडी थांबली.

मुलींमधली हदगावची पूजा तोवर रडत बॅग भरायला लागली होती. परीक्षा आठ दिवसांवर. "काकू, मी गावाकडं जाते. इथं न्हाई राहायचं मला."

मी ह्यांना म्हणाले, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मग तुम्ही कशाला पळाले, काका?"

"मला वाटलं, खराच हाय."

पूजा राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी सीटखालची मोटर काढून माळ्यावर ठेवली.