आत्याच्या फोटोला हार

आमची आत्या एके काळची सिनेमातली हिरॉईन, हे तुम्हाला खोटं वाटतं ना? मग ऐका. परवा तिला घेऊन सुलतान बाजारात साडी घ्यायला गेलो. दुकानाच्या भिंतीवर तिचाच तरुणपणीचा फोटो, आणि त्याला चक्क चंदनाचा हार! मी हादरलोच.

आत्यानं मात्र शांतपणे विचारलं, "ये कब गुजरे?"

म्हातारे शेठजी हळहळले, "बहोत साल हो गए, अम्मा. क्या हीरोइन थे उनो!"

आत्यानं चष्मा काढला, मान तिरकी केली आणि फोटोतल्यासारखीच हसली. शेठजींच्या हातातली साडी गळून पडली. त्यांनी घाईघाईनं हार उतरवला, पण ठेवावा कुठं ते कळेना.

आत्यानं मान पुढे केली.

मी ओरडलो, "आत्या, अशुभ असतं गं ते!"

"गप रे! माझा हार आहे. सोडते की काय?"