अक्काच्या नावाला मी ओ दिली

माझं माहेर एरंडोलकडचं, सपाट कापसाची जमीन, आणि लग्न होऊन आले ती पिंपळनेरच्या वर डोंगरात, दगडाच्या खदानीवर. काय सांगू ताई तुम्हाला, गाव म्हणजे खदानच होती, सासरा खदानीवर, दीर खदानीवर, नवरा खदानीवर, आणि हळद उतरायच्या आत मीही डोक्यावर टोपलं घेऊन उभी. चौथी शिकलेली म्हणून मुकादम मला मास्तरीणबाई म्हणायचा, पण टोपलं सगळ्यांइतकंच भरायचा. माझी मोठी जाऊ यशोदा, तिला मी अक्का म्हणते, तिनेच मला चुंबळ बांधायला शिकवलं.

सुरुंग उडवायची आमच्याकडे एक रीत होती. शिट्टी झाली की सगळ्यांनी वर माळावर यायचं, मग मुकादम एकेकीचं नाव घ्यायचा आणि तिने शे म्हणायचं, म्हणजे मी आहे. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या बायांचं शे झालं की मगच वात पेटायची. तो आमच्याकडे पाठ करून, खाली बघत नावं घ्यायचा. अक्का चालायला मंद, तर ओरडायचा, यशोदाबाईला आणायला बैलगाडी धाडू का? बाया हसायच्या, तिला लागायचं. म्हणून ती मागे राहिली की तिचं शे मीच म्हणायची. किती वेळा म्हटलं असेल, ती मागून यायचीच.

त्या दिवशीही म्हटलं. ती आली नाही. भाकरीचं फडकं खाली राहिलं होतं, ते घ्यायला ती अर्ध्या वाटेतून परत गेली होती. दगड तिच्या डाव्या पायावर आला. पाय राहिला, पण वाकडा.

लोकांनी असं धरलं की ती शे म्हणाली आणि मग खाली गेली. दीर बोलले, सासू बोलली, भाकरीपायी पाय घालवला म्हणे. अक्का गप्प राहिली, मीही गप्प राहिले. मला वाटलं, तिला कुठे शुद्ध होती, तिला काय माहीत.

पुढे खदानीला झरा लागला, पाणी हटेना, काम बंद पडलं. आता त्या पाण्यात होड्या चालतात, माळावर तंबू आहेत, सुरतेच्या, नाशिकच्या गाड्या येतात, थंड हवा म्हणतात. दोघींचे नवरे गेले. आम्ही दोघी तिथे कळण्याची भाकरी आणि भरीत विकतो, ती थापते, मी भाजते.

होडीवाला भाऊ लोकांना फिरवताना गोष्ट सांगतो, एक बाई हजेरी देऊन फडक्यासाठी परत गेली, असं. लोक हसत हसत आमच्याकडे येतात, विचारतात, त्या भाकरीवाल्या बाई कोणत्या? अक्का हात वर करते, ते फोटो काढतात. एका रविवारी चार जण असे हसून गेले आणि माझ्याने राहवेना. म्हटलं, अक्का, त्या दिवशी तुझं शे मी म्हटलं होतं.

ती म्हणाली, माले माहीत शे. तुना आवाज खाले ऐकू उना व्हता.

मी म्हटलं, खाली माझा आवाज आला होता, मग इतकी वर्षं बोलली का नाही? ती म्हणाली, बोलली असती तर तुला माहेरी धाडलं असतं, मग मला कोण उठवतं, कोण बसवतं? भाकर जळी राहिनी, पलटाव.

दुसऱ्या दिवशी मी होडीवाल्याकडे गेले. म्हटलं भाऊ, नीट सांगत जा, तिने हजेरी दिलीच नव्हती, मी दिली. तो म्हणाला, मावशी, इतकं सांगेपर्यंत फेरी संपते. तरी म्हणाला, बघतो. अजून जुनंच सांगतो. मग आता कोणी हसत आलं की मीच सांगते, आधी माझा फोटो काढा, चूक माझी आहे. अक्का म्हणते, गिऱ्हाईक पळवशील.

आता देवाजवळ एवढंच मागते ताई, तिला माझ्याआधी ने, एक दिवस का होईना. थंडीत तिच्या पायाला तेल लावावं लागतं, ते दुसऱ्या कोणाला जमायचं नाही.