जनाना वॉर्डातली कडी

हॅलो? … हॅलो! हो, जनाना वॉर्ड. सिस्टर भानुमतीच बोलतेय. नमस्कार नानासाहेब… अहो, जोरात बोला, इथं दार तोडतायत!

… कोण म्हणजे? आपल्याच पेशंट बाया! मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर शामला मारलंय त्यांनी. … थोडं नाही हो! नाक फुटलंय, दात फरशीवर पडलेत. औषधांच्या खोलीत कोंडलाय त्याला, अन् मी दाराला पाठ लावून उभी आहे. … ए गयाबाई! सलाईनचा स्टँड खाली ठेव! टाके उसवतील तुझे! … नाही हो, तुम्हाला नाही म्हटलं.

… का म्हणजे? संडासात घुसला तो. आत बाई असताना! … गलतीनं? दर वेळी गलतीनंच?

… काय? पोलीस पाठवलेत पण? … हो, हो, ऐकतेय. जिनं पहिला टोला हाणला तिला आत टाकायचं. … नाव सांगते हो, पण आधी ऐका ना…

… नाही, ऐका तर सही! पेशंटला विचारून दवाखाना सुधारायचा, ही टूम दवाखान्याचे अध्यक्ष म्हणून तुमचीच ना? तुम्हीच वाट्या मांडल्यात. पंखा, एक्स-रे मशीन, नाहीतर संडासाला आतून कडी. पाहिजे त्यात चिंचोका टाका. … हो, आला पंखा निवडून, भोपाळचे मंत्री बटण दाबायला येणार, सगळं मालूम आहे! पण चिंचोके टाकले कोणी? भेटीला आलेल्या नवऱ्यांनी! बायांच्या हातात एक दिला नाहीत. नुसती कडी मागत होत्या हो त्या!

… अगं बाई! खिडकीची काच गेली. … दगड नाही, बेडपॅन! गयाबाई, बस कर गं माझे आई, मरेल तो!

… पुन्हा नावच? मग घ्या. कुमुदिनीताई. … हो, तुमच्याच मंडळी! आत त्याच होत्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उठल्या होत्या. दार ओढून धरलं होतं बिचारीनं, त्यानं हिसडा दिला. ताईंनी लोटा त्याच्या तोंडावर हाणला. मग बाकीच्या तुटून पडल्या.

… अहो, ओरडू नका! सांगते.

… कशा म्हणजे? ताईंचे टाके उसवलेत. पट्टी बांधलीय, तरी रक्त येतंय.

… काय म्हणालात? शामला मागच्या दारानं सोडू? … घराण्याची अब्रू? आत्ता तर आत टाका म्हणत होतात! … गयाबाई असती तर चाललं असतं, ना? … नाही सोडायची मी. नोकरी गेली तर गेली! लाज वाटते हो मला तुमची.

… पोलिसांची जीप आली बघा फाटकाशी.

… थांबा, थांबा. ताईच उठून आल्यात, भिंत धरून. … अहो ताई, बसा ना! साहेब म्हणतायत, रिपोर्ट लिहवू नका, त्यांना विचारल्याशिवाय…

… हो. सांगते. … नानासाहेब, ताई म्हणतात, "मी विचारत नाहीये. सांगतेय." … ठेवते.