बेटावरचं भाषण

(तेलंगणातलं मराठी बोलणारं एक लहान गाव. घराचं अंगण, संध्याकाळ.)

ताराबाई : ...मंग मी कुसुमबाईले बी सांगतलं, आमची प्रगती उद्या आदिलाबादले बेटावर भाषण देऊन राह्यली. थे मने, बेटावर काय बोलाचं असते व? मी मनलं, काऊन नसते? टोपले होतात, सुपं होतात, मांडवाचे डांब होतात. एक घंटा बोलन माही नात!

प्रगती : आजी! कोनतं बेट?

ताराबाई : कोनतं मंजे? वेळूचं. नाल्याकाठी आपलं हाय नं, तसं.

प्रगती : अवं, थे बेट नाई व! समुद्रातलं बेट. चौफेर पानी अन मधात जमीन. तुवालू नावाचा देश हाय. पूर्‍या वस्तीले सांगून आली काय तू?

ताराबाई : पूर्‍या नाई. हापशीवर होत्या तेवढ्यायलेच.

प्रगती : मंजे पूर्‍याच वस्तीले.

ताराबाई : बरं, पान्यातलं तं पान्यातलं. घे, बोलता बोलता ह्या तुरीच्या शेंगा सोल. सकाळच्या कितीच्या बसनं जाचं हाय?

प्रगती : मी नाई जाऊन राह्यली. पप्पा मॅडमले फोन करतीन, पोरीले ताप आला मनून.

ताराबाई : पाहू हात... ताप कोठी हाय? तू तं थंडगार पडली. काऊन व?

प्रगती : तू हासशीन.

ताराबाई : हासली तं हासली. तुहं काय जाते?

प्रगती : जगातले सारे देश एका सभेत बसतात नं, तशी खोटी सभा हाय उद्या. जिल्ह्यातल्या कॉलेजायचे पोट्टे-पोट्ट्या येतात, अन एकएक जन एकएक देश होते. आमच्या कॉलेजात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आदिलाबादच्या वैभवले अमेरिका आली. रश्मीले फ्रान्स. अन मले हे तुवालू! वैभव मने, नकाशावर माशी बसली का तुहा देश झाकते. सारे हासले. मॅडम बी हासल्या.

ताराबाई : माशी उडून जाते. देश कोठी जाते?

प्रगती : आजी, तुले समजत नाई. तठी इंग्रजीत बोला लागते.

अमरदीप : आई, तिला भरीस पाडू नकोस. मी फोन करतोच आहे.

ताराबाई : तू शाळेतून कवा आला रे? मास्तर असून पोरीच्या तापाचं खोटं सांगतं?

अमरदीप : सांगतो. दहावीपर्यंत ती माझ्याच मराठी शाळेत शिकली. इंटरला, म्हणजे अकरावीला, गेली आणि सगळं एकदम इंग्रजी झालं. मागच्या वर्षी सेमिनारला उभी राहिली, तिसऱ्या वाक्याला अडली, पोरं हसली. आठ दिवस धड जेवली नाही, विसरलीस? हिला पुन्हा कुणी हसलेलं मला बघवणार नाही. माझं काळीज काही लोखंडाचं नाही.

ताराबाई : ...बरं बाप्पा. नोको जाऊ. पन मले सांग तं, हा देश हाय केवढा?

प्रगती : सव्वीस चौरस किलोमीटर. लोक दहा-अकरा हजार.

ताराबाई : बस? आपल्या एका बेला मंडलाच्या गावायत त्याहून जास्त भरतात!

अमरदीप : आणि तेही नऊ बेटांवर विखुरलेले, आई. पॅसिफिक महासागरात. प्यायला पावसाचं पाणी. मोठी गल्ली म्हणावी एवढी रुंद जमीन, एका अंगाला सरोवर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र.

प्रगती : विमान उतराची पट्टी एकच हाय, आजी. विमान हप्त्यातून दोन-चारदा येते. बाकी टाईम पोट्टे तठी फुटबॉल खेळतात, मानसं सांजच्याले येऊन बसतात. भोंगा वाजला का पट्टी खाली करतात.

ताराबाई : अवं, मंग आपल्यासारखेच हायेत. आपन नाई का डांबरी रोडावर सोयाबीन वाळू घालत? बस दिसली का ओढ ताडपत्री! राजा कोन हाय त्यायचा?

प्रगती : राजा इंग्लंडचा, नावापुरता. कारभार पार्लमेंटचा. सोळा मेंबर. आठ बेटायचे दोन-दोन. नवव्या लहान बेटाचे लोक आठातल्याच एका बेटासंगं. अन पार्टी एक बी नाई.

ताराबाई : पार्टी नाई? मंग भांडतात कसे?

अमरदीप : भांडतात, आई. पण झेंडे न घेता. प्रत्येक बेटाची आपापली पंचायत असते, जाणती माणसं बसतात, ठरवतात. तिथं मोठ्या बेटाला जास्त आणि लहान बेटाला कमी, असं नाही. दोन म्हणजे दोन.

ताराबाई : हे मले पटलं. पुढं सांग.

प्रगती : पुढं काय... समुद्र वाढून राह्यला. सगळ्यात उंच जागा साडेचार मीटर.

ताराबाई : मीटर नोको सांगू.

अमरदीप : पंधरा फूट. आपल्या पाण्याच्या टाकीच्या अर्ध्यापर्यंतही नाही.

ताराबाई : मंजे लय पानी आलं तं चढाले जागाच नाई. बाप्पा! बुडाले तं देश खतम?

प्रगती : नाई. थे त्यायनं लिवून ठेवलं हाय. दोन हजार तेवीसमधी संविधानात टाकलं, जमीन बुडाली तरी देश राहीन. कायमचा.

ताराबाई : संविधानात लिवलं?

प्रगती : हाव.

ताराबाई : मंग त्यायले कोनाचा बाप हटवत नाई. लहान असून काय अक्कल चालवली व! अन तुवालू मंजे काय? नावाले काई मतलब असन.

प्रगती : आठजन एकासंगं उभे. आधी वस्ती आठच बेटायवर होती मनून आठ.

ताराबाई : आठजन एकासंगं उभे... अवं, मंग मी काय खोटं सांगून आली? वेळूचंच बेट झालं नं हे! वरतून येगयेगळे दिसतात, खाली मुळी एक.

अमरदीप : आई, शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत. बेट म्हणजे द्वीप, आणि बेट म्हणजे बांबूचं...

ताराबाई : तू शाळेत शिकव थे. पोरी, आपलं नाल्याचं बेट कोनं लावलं, मालूम हाय?

प्रगती : तूनंच. सरपंच होती तवा. सारं गाव सांगते.

ताराबाई : लावलं कशापायी, थे गाव नाई सांगत. मी बी नाई सांगतलं आजलोक.

अमरदीप : काठ ढासळत होता म्हणून ना?

ताराबाई : काठ ढासळला माह्याच्यानं. आयक. मी सरपंच झाली तवा आपल्या गावात साडेसहाशे मानसं. मंडलात सगळ्यात लहान गाव. मंडलाच्या पयल्या मीटिंगले गेली. सारं तेलुगूत. मी मराठीत काईतरी इचारलं, तं सारे हासले. साहेब मने, 'कूर्चोम्मा.' बस बाई, मने. बसली. घरी येऊन रडली. दुसर्‍या मीटिंगले गेलीच नाई. डोकं दुखते मनून सांगून पाठोलं.

प्रगती : तू? तू मीटिंगले नाई गेली?

ताराबाई : नाई गेली. अन त्याच मीटिंगात नाल्याच्या काठाले दगडाची भिंत बांधाचं काम आलं होतं. थे दुसर्‍या गावाले गेलं. मी दफ्तरात जाऊन भांडली. साहेबानं रजिस्टर उघडून दाखोलं. आपल्या गावाच्या नावापुढं लिवलं होतं, गैरहाजर. मने, तुमाले काम पायजे असतं तं कोनी आलं असतं. त्या पावसाळ्यात नाल्यानं दोन घरं नेली. मानसं वाचली, पन घरं गेली. खुर्ची रिकामी दिसली का लोक समजतात गावच नाई.

अमरदीप : आई... हे तू कधी बोलली नाहीस.

ताराबाई : लाजेची गोष्ट काय डफडं वाजवून सांगतात? मंग बायायले संगं घेतलं अन वेळू लावला. काठ धरला त्यानं, आजलोक धरून हाय. अन त्याच्या बाद पाच वर्सात एक मीटिंग चुकवली नाई. मराठीतच बोलली. साहेबाले समजलं नाई तं थो चपराशाले इचारे. हासनारे हासून हासून थकले, मी नाई थकली.

प्रगती : ...पप्पा.

अमरदीप : हं?

प्रगती : मॅडमले फोन नोका करू.

अमरदीप : नक्की? बघ, पुन्हा हसले तर...

प्रगती : हासले तं हासले. तुवालू गैरहाजर नाई राहनार. सकाळी मले तेवढं स्टँडवर सोडा.

अमरदीप : स्टँडवर कशाला? मी रजा टाकतो. संगंच येतो.

(दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आधी. तेच अंगण.)

ताराबाई : आले! काय झालं? तू सांग रे आधी, हे पोरगी तं हासूनच राह्यली.

अमरदीप : आई, पाणी तरी दे. मी मागच्या रांगेत बसलो होतो. पहिली दोन मिनिटं हिने असं इंग्रजी फाडलं, की माझ्या शेजारचा माणूस विचारतो, ही कुठल्या शाळेची? मी छाती काढून सांगितलं, माझ्या!

प्रगती : मंग वैभव उठला. अमेरिका. मने, तुमी एवढेसे लोक, एवढा कल्ला काऊन करता? दोन जहाजात बसा अन या आमच्या देशात. जागा देतो. सारा हॉल हासला, आजी. अन माही इंग्रजी पुरी उडून गेली. एक शब्द येईना.

ताराबाई : मंग बसली?

प्रगती : नाई. मराठीत बोलली. आपल्या मराठीत.

ताराबाई : काय मनली? जशीच्या तशी सांग.

प्रगती : मनलं, जहाजात मानसं बसतात, गाव नाई बसत. तुमी आमाले जागा देसान, पन आमची खुर्ची देसान काय? आमी आठजन एका मुळीवर उभे हावो. पानी आलं तरी हाजर राहू, जमीन गेली तरी हाजर राहू. आमची हाजरी तुमी नोका लावू, आमीच लावू.

ताराबाई : माय व! ... थांब, मले डोळे पुसू दे. मंग?

अमरदीप : निम्मा हॉल आदिलाबाद, बेला, जैनथचा, मराठी समजणारा. टाळ्याच टाळ्या! पण परीक्षक हैदराबादचे. त्यांना एक अक्षर कळलं नाही. मान हलवत राहिले, लिहीत राहिले. शेवटी निकाल सांगायला उठले आणि म्हणाले, या मुलीची तयारी बघा, ती तुवालूची भाषासुद्धा शिकून आली आहे. पहिला नंबर!

ताराबाई : तुवालूची भाषा? आपली वऱ्हाडी?

अमरदीप : तीच! मला आधी हसू आवरेना. मग घाम फुटला. म्हटलं, आता ही काय करते? गप्प बसली असती तर कुणी बोललं नसतं. सगळे हसतच होते.

ताराबाई : अन तू काय केलं व?

प्रगती : उठली. माईक घेतला अन सांगतलं, सार, थे तुवालूची भाषा नोती. माह्या आजीची होती. बेल्याकडची. मंग त्यायनं मनलं, बरं, आता इंग्रजीत सांग काय बोलली थे. तवा सांगतलं सारं, एक एक वाक्य. यावेळी अडली नाई.

ताराबाई : मंग पयला नंबर?

अमरदीप : गेला. नियमात भाषा इंग्रजी, तेलुगू नाहीतर ज्याच्या-त्याच्या देशाचीच. गुण कापले. पहिली रश्मी आली. ही कशातच नाही. पण खरं सांगतो आई, मी आयुष्यात एवढा ताठ चालत हॉलबाहेर आलो नव्हतो. आपली पोरगी उभी राहिली आणि खरं बोलली, माझं पोट भरलं.

प्रगती : अन आजी, वैभव बाहीर आला माह्यापाशी. मी तं समजत होती, थो तेलुगू हाय. कॉलेजात कवा मराठीत बोललाच नाई. हळूच मने, 'माही आजी बी जैनथची हाय. असंच बोलते.'

ताराबाई : अमेरिकेची आजी जैनथची! पाय बरं... अन हे हातात काय हाय तुह्या?

प्रगती : माह्या पुढं टेबलावर ठेवलेली पाटी. तुवालू लिवलेली. परत मांगत होते, मी नाई देल्ली.

ताराबाई : बरं केलं. दे इकडं. अन रजिस्टरात काय लिवलं, थे पायलं काय?

प्रगती : पायलं. तुवालूपुढं लिवलं हाय, हाजर.

ताराबाई : झालं मंग. तुमी दोघं जेवून घ्या, भाकरी टोपल्यात हाय. मी हापशीवर जाऊन येईन. कुसुमबाई सकाळपासून इचारून राह्यली, पोरगी बेटावर काय बोलली मनून.

अमरदीप : आई, आता तरी नीट सांग. कोणतं बेट सांगशील तिला?

ताराबाई : कोनतं बी. दोनी उभेच हायेत.