नवा कॉम्प्युटर, बंद रिमोट

राजेहो, कॉम्प्युटरच्या त्या अपडेटले मी दोन दिवस शिव्या घातल्या. आमचा टीव्ही कॉम्प्युटरले जोडला आहे, अन् बाबा खाटेवरून रिमोटनं नाटकं पाहतेत. अपडेट झालं अन् रिमोट बंद! बाबा म्हणे, "नाटक नाही तं मी जेवत नाही."

सेल बदलले, सेटिंग उलटीपालटी केली. काही नाही. शेवटी तुमसरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं कॉम्प्युटर पाहिला अन् विचारलं, "रिमोटचा उजेड जिथून आत जाते, त्याच काचेवर कुंकू कायले लावलं?"

माय माह्याकडे बोट दाखवून म्हणे, "हाच तं म्हणून राहिला होता, अपडेटनं कॉम्प्युटर नवा झाला. नव्या वस्तूले टिका नाही लावाव का?"

म्हणजे पाहा, दोष शेवटी अपडेटचाच निघाला!